परवाना दिल्यानंतर काय?

बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती. तरीही त्यानंतर बीडमध्ये वादळ उठले ते शस्त्र परवान्यांवरून. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने कसे दिले गेले, गुन्हे दाखल असलेल्यांनाही ते कसे मिळाले, असे प्रश्न विचारले गेले आणि प्रशासनाला परवाने रद्द करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. गोदावरीच्या अलीकडच्या जालना जिल्ह्याने हा शेजारचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये.

बंदुकीच्या कायद्यांची तुलना करताना कडक देश आणि सैल देश अशी विभागणी केली जाते. खरा फरक सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे, यात असतो. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क मानला. तिथे निर्बंध का हवा, हे सरकारला पटवून द्यावे लागते. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतील १९९६ च्या हत्याकांडानंतर खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आणली. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेल्यावर सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. जपानमध्ये तर लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी पार करूनही सामान्य माणसाला मिळते ती शिकारीची किंवा खेळाची बंदूक, आणि ती पोलीस दरवर्षी पुन्हा तपासतात.

भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम कागदावर याच कडक रांगेत बसतो. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या अर्जदाराने कारण द्यायचे, पोलिसांनी चौकशी अहवाल पाठवायचा आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात निर्णय जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यायचा. स्टील, बियाणे वा मोसंबीच्या व्यवहारात मोठी रोकड हाताळणारा व्यापारी जिवाचा धोका सांगतो. रानडुकरे आणि रोही यांनी पीक तुडवलेला शेतकरी ठासणीची बंदूक मागतो. ही कारणे खोटी नाहीत. मात्र पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुकराला मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

मग गळती कुठे आहे? २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि लग्न-मिरवणुकीत बेफिकिरीने गोळी झाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. हे योग्यच झाले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. ज्या कारणासाठी बंदूक दिली ते कारण अजून उरले आहे का, हा प्रश्न आता पाच वर्षांतून एकदाच आपोआप समोर येतो. दरम्यान परवानाधारकावर गुन्हा दाखल झाला, तर परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ देते. तो अधिकार फाइलमध्ये पडून राहिला की बीडसारखी वेळ येते.

गुन्हे तर गावठी कट्ट्याने होतात, परवानाधारकांच्या मागे का लागता, असा प्रतिवाद होईल. त्यात तथ्य आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतातील नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या आणि त्यांपैकी नोंदणीकृत केवळ ९७ लाख. बेकायदा शस्त्रांवरील कारवाई थांबता कामा नये. पण कट्टा शोधून काढावा लागतो. परवान्याच्या बंदुकीचा मालक, पत्ता आणि कारण सरकारदरबारी लिहिलेले असते. जे हाती आहे तेही सांभाळले जात नसेल, तर बेकायदा शस्त्रांविरुद्धच्या कारवाईलाही वजन राहत नाही. शिवाय कमरेला लावलेले पिस्तूल गोळी न झाडताही ग्रामसभेत समोरच्याचा आवाज बंद करू शकते. १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या हाती शस्त्रे आणि गावे निःशस्त्र, हे मराठवाड्याने भोगले आहे. सत्तेच्या जवळ असलेल्यांनाच बंदूक सहज मिळावी, हा त्या अनुभवाचा धडा खचितच नाही.

उपाय नव्या कायद्याची वाट पाहणारे नाहीत. निवडणूक आली की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती परवानाधारकांचा आढावा घेते व गरजेनुसार शस्त्रे जमा करून घेते. हाच आढावा जालन्यात दरवर्षी व्हावा. परवानाधारकावर गंभीर गुन्हा नोंदला जाताच संबंधित ठाण्याने त्याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी आणि ठराविक मुदतीत सुनावणी व्हावी. व्यक्तींची नावे उघड न करता तालुकानिहाय परवाने किती, ते कोणत्या कारणासाठी आणि रद्द किती, हे आकडे जाहीर करावेत. ज्याला खरोखर धोका आहे, त्याला या तपासणीची भीती वाटण्याचे कारण नाही. कारण दाखवूनच बंदूक मिळते, असा आपला कायदा सांगतो. तर ती जवळ असेपर्यंत ते कारण टिकून आहे ना, हे तपासणे प्रशासनाचे कर्तव्य ठरते.