देणाऱ्याचे नाव

कार्ले येथील सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या चैत्यगृहात दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकटचा एक गंधी, एक सुतार, काही यवन. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते लेख प्रिय आहेत. तेव्हा नाव कोरण्यास माझा विरोध नाही. (पंख्याच्या पात्यांवरही कोरावे!)

आक्षेप आहे तो वह्यावाटपाच्या छायाचित्राला. लेकराला मंचावर बोलावून, हात जोडायला लावून दिलेली वही हे दान नव्हे, उपकाराची वसुली आहे. ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले, त्यांनी तरी मुलांची मान झुकवू नये.

माजी विद्यार्थ्यांनी यंदा वह्या आदल्या रात्रीच अभ्यासिकेत मांडून ठेवाव्यात. सकाळी मुले विचारतील, कोणी दिल्या? “तुमच्या थोरल्या भावंडांनी,” एवढेच सांगावे.