हरणाऱ्याचा गुण

हरणाऱ्यालाही कधीकधी गुण देणारा तक्ता मला मोठा रसाळ वाटतो. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे बर्फावरील हॉकीचा, तसा आहे. जिंकणाऱ्यास २ गुण, साठ मिनिटांत हरणाऱ्यास शून्य. पण तोवर बरोबरी राखून पुढच्या जादा खेळात हरल्यास १. झुंजीची कदर म्हणा ना!

आता गंमत पाहा. २०२३-२४ मध्ये डेट्रॉइटने ४१ सामने जिंकले, वॉशिंग्टनने ४०. पण जादा खेळातले पराभव डेट्रॉइटचे ९, वॉशिंग्टनचे ११. दोघांचेही गुण ९१! बाद फेरीची जागा मात्र एकच. मग साठ मिनिटांतले विजय मोजले. त्यांत वॉशिंग्टन सरस, डेट्रॉइट घरी.

वाचकहो, मुलांच्या प्रगतिपुस्तकातही नुसत्या बेरजेवर थांबू नये, हेच खरे!