एवढा मोठा पॅसेज झाडणार कोण?

पहिल्या टर्मच्या ज्यूरीत माझी चाळ हिट झाली. (इथं लंडनमध्ये ज्यूरीला, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडण्याला, क्रिट म्हणतात. पोटात येणारा गोळा तोच.) प्रोजेक्ट होतं स्ट्रॅटफर्डमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर तरुण भाडेकरूंसाठी शंभरेक खोल्यांची इमारत. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली. मधोमध आठ फुटी पॅसेज काढला, प्रत्येक दाराबाहेर बसायला ओटा दिला, सेक्शनमध्ये गप्पा मारणारी माणसं काढली आणि वर देवनागरीत ‘चाळ’ असं लिहिलं. परीक्षक खूश. एकानं गणपतीबद्दल विचारलं, दुसरीनं पापड वाळवण्याबद्दल. मी भरभरून सांगितलं. सांगताना एकदा आवाजही भरून आला आणि तो उपयोगी पडतोय, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

रात्री शीटचा फोटो आईला पाठवला. तिनं तो मोठा करकरून पाहिला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला. ‘छान आहे. पण एवढा मोठा पॅसेज झाडणार कोण?’

इथल्या मराठी मंडळाच्या या अंकात आम्हा विद्यार्थ्यांचे लेख बहुधा दोन प्रकारचे येतात: थंडी, एकटेपणा आणि पिठलंभात, नाहीतर लंडनमध्ये काय काय बघावं. वास्तुकलेची विद्यार्थिनी म्हटल्यावर माझ्याकडून दुसऱ्या प्रकारचा अपेक्षित असणार. तर लिंकन्स इन फील्ड्सवरचं सर जॉन सोन यांचं घर जरूर बघा, फुकट आहे. झालं. आता मला भांडायचंय ते आपल्या एका लाडक्या समजुतीशी. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी माइकवरून सांगतंच, की चाळीत दारं उघडी असायची म्हणून मनं उघडी होती. माझे परीक्षक हेच जरा जड शब्दांत म्हणत होते, मीही तेच विकत होते. म्हणजे सामायिक पॅसेज दिला, की शेजार आपोआप उगवतो. मला हे आता पटत नाही. चाळीत शेजार घडला, कारण माणसं तिथून हलली नाहीत. आणि हलली नाहीत, कारण भाडं परवडत होतं.

हे मला कॉलेजनं शिकवलं नाही, मॅनर पार्कमधल्या घरानं शिकवलं. तिथून कॉलेजला जायला २५ नंबरची बस. ट्यूबपेक्षा वेळ जास्त, पण तिकीट तेव्हा पावणेदोन पौंड, आणि वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर मॉडेल मांडीवर ठेवून जाता येतं. (वाऱ्यात ए-वन आकाराचा ग्रेबोर्ड शिडासारखा वागतो. व्हाइटचॅपलच्या स्टॉपवर मी एकदा माझ्याच साइट मॉडेलच्या मागे धावलेय.) जुन्या व्हिक्टोरियन रांगेतल्या त्या घरात आम्ही सहा जण होतो. मापं घ्यायची खोड अभ्यासानं लावलेली, म्हणून पहिल्याच दिवशी खोलीला टेप लावली. २.४ मीटर बाय २.८ मीटर, म्हणजे ६.७२ चौरस मीटर. इंग्लंडमध्ये अशा सामायिक घरांत एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला २०१८ पासून किमान ६.५१ चौरस मीटर लागतात. माझ्या आधी घरमालकानंही टेप लावली होती, हे उघड होतं. घराला हॉल नव्हता. म्हणजे मूळ बांधणाऱ्यानं ठेवला होता, बाहेर झुकलेल्या खिडकीसकट आणि शेकोटीसकट. पण त्याला कुलूप घालून त्याची सहावी भाड्याची खोली केलेली होती.

उरलं काय, तर स्वयंपाकघर आणि जिना. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, दुधाच्या बाटलीवर मार्करनं नाव. वरच्या खोलीतल्या मुलाचं आडनाव मला त्याच्या पार्सलांमुळे कळलं, चेहरा महिनाभरानं दिसला. दाटीवाटीनं आणि सामायिक नळानं माणसं जवळ येत असती, तर आम्ही सहा जण एव्हाना एकमेकांच्या लग्नाला गेलो असतो.

नोव्हेंबरात जिन्यावरचा स्मोक अलार्म टिवटिवायला लागला. बॅटरी उतरत आली की तो मिनिटाला एकदा असा आवाज करतो. काम काय, तर नऊ व्होल्टची एक बॅटरी, एक खुर्ची, दोन मिनिटं. तीन आठवडे तो तसाच टिवटिवत होता. मी रात्री तीनला फोम कापत बसलेली असायचे, तो ऐकायचे आणि मनात हिशेब करायचे: सहा महिन्यांचा करार, दोन गेले, चार राहिले. मग कशाला? बाकीच्या पाचांचे हिशेबही असेच चाललेले असणार. एका सकाळी बॅटरी साफ मेली आणि घर शांत झालं. सगळ्यांना बरं वाटलं. आता आग लागली तर कळणार कसं, हे मला दोन दिवसांनी सुचलं, तेही अग्निसुरक्षेच्या लेक्चरला बसल्यावर.

नायगावला आमच्या पॅसेजातला दिवा गेला की आधी भांडण व्हायचं. मागच्या वेळी कुणी आणला होता, कुणाच्या मुलानं चेंडू मारून फोडला, वर्गणी कुणी बुडवली. भांडण दिवाळीपर्यंत पुरायचं, पण दिवा त्याच संध्याकाळी लागायचा. भांडणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या वर्षीही त्याच अंधारातून संडासला जायचं होतं.

आता कुणी म्हणेल, मॅनर पार्कच्या घरात ना तो पॅसेज होता ना ते ओटे, तुलना कशी करणार? मग बीडीडीचाच इतिहास बघू. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या कारकिर्दीत काढलेलं. बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. झाल्या सोळा हजारांच्या आसपास: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी, तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची एकेक खोली. मध्ये पॅसेज, दोन्ही अंगांना दारं, संडास सामायिक. मी ज्याचं क्रिटमध्ये गुणगान केलं ते सगळं पहिल्या दिवसापासून तिथं हजर होतं. आणि कामगार राहायलाच येईनात. भाडं जड जात होतं, वरळी तेव्हा आडबाजूला होती, काँक्रीटच्या त्या खोल्या कोंदट. विसाच्या दशकात कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. १९३० च्या कायदेभंगात तर सरकारनं वरळीच्या चाळींचा सत्याग्रहींसाठी तुरुंग केला. तेच पॅसेज, तीच समोरासमोरची दारं. आराखड्यात एक रेघ न बदलता एकाच इमारतीत आधी ओसाडी, मग तुरुंग आणि पुढे गोकुळाष्टमी. मधल्या काळात भाडी उतरली आणि एकदा आत शिरलेलं माणूस दोन-तीन पिढ्या बाहेर पडलं नाही, एवढाच काय तो फरक.

गोकुळाष्टमी म्हटलं म्हणून लगेच हळवं व्हायचं कारण नाही. १९७४ साली वरळीच्या याच चाळींत दलित आणि सवर्ण शेजाऱ्यांमध्ये दंगल पेटली होती. वर्षानुवर्षं एका जागी राहिल्यानं माणसं चांगली होतात, असा माझा दावा नाही. ओळखीची होतात. आणि नाममात्र भाड्याचा भुर्दंड इमारतीनं भरला, हेही खरं. आमच्या छताचं प्लास्टर जेवणाच्या ताटात पडलंय. आजीला उतारवयात रात्री पॅसेजच्या टोकापर्यंत जाताना मी बघितलंय. तिला कुणी ‘समूहजीवन’ हा शब्द ऐकवला असता तर तिनं काय ऐकवलं असतं, ते छापता येणार नाही.

मग इमारत कशी बांधली याला काहीच अर्थ नाही का? तसं असतं तर मी शिक्षणाचं कर्ज काढून इथं आले नसते. आपण सगळे किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर बघायला जातो, १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर विद्यार्थी असताना जिथं भाड्यानं राहिले ते. आपला फोटो काढून झाला की आपण परत फिरतो. तिथून पश्चिमेला अर्ध्या तासाच्या आत चालत गेलं तर ॲलेक्झांड्रा रोडची वसाहत लागते. नीव्ह ब्राउन या वास्तुकारानं कॅम्डेन कौन्सिलसाठी काढलेली, १९७८ मध्ये पूर्ण झालेली, ५२० घरांची. रेल्वेचा आवाज अडवायला उंच रांग रुळांना पाठ करून उभी, घरं पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकलेली, जवळजवळ प्रत्येकाला स्वतःची गच्ची आणि रस्त्यावर उघडणारं दार. मी मार्चमध्ये तिथं स्केच करत बसले होते आणि बोटं चालेनात. समोरच्या घरातल्या आजींनी न विचारता चहा आणून दिला. त्या दोन गच्च्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या, एक स्वतःची आणि एक शेजारणीची. शेजारीण दवाखान्यात होती. ‘आम्ही दोघी एकाच वर्षी आलो, मुलं कडेवर होती तेव्हा,’ त्या म्हणाल्या. दोन गच्च्यांमधली भिंत झारी पोचेल एवढी बुटकी ठेवली, हे ब्राउनचं श्रेय. झारी उचलायला चाळीस वर्षांनंतरही तीच बाई तिथं होती, हे कौन्सिलच्या भाडेकराराचं.

हा दुसरा भाग आमच्या अभ्यासक्रमात नाही. सध्या लंडनमध्ये को-लिव्हिंग म्हणून ज्या इमारती उठतायत त्यांच्या जाहिरातींत ‘कम्युनिटी’ हा शब्द इतक्या वेळा येतो की फ्लॅटमधला पंखाही तेवढ्या वेळा फिरत नसेल. छोट्या खोल्या, खाली मोठं स्वयंपाकघर, गच्चीवर योगासनं. आणि २०२१ च्या लंडन प्लॅनमध्ये अशा इमारतींसाठी किमान कराराची अट आहे तीन महिन्यांची. तीन महिन्यांत माणूस शेजाऱ्याकडून विरजणही मागायला धजत नाही.

आता थोडं आपल्यातल्याआपल्यात. दिवाळीला माइकवरून चाळीच्या आठवणींनी डोळे पुसणाऱ्या काही काका-काकूंचं दुसरं घर भाड्यानं दिलेलं आहे, बऱ्याचदा आमच्यासारख्यांनाच. त्या घरातला हॉल कुठाय? मी अशी चार घरं पाहिली, एकातही हॉल शिल्लक नव्हता. हप्ते वाढलेत, मान्य. पण कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला आम्हाला हक्कानं बोलावता, तर आमचंही एक मागणं ऐका. हॉलचं कुलूप काढा, आणि निदान दोन वर्षं भाडं वाढवणार नाही, घर सोडायला सांगणार नाही, असा शब्द द्या. अलार्मची बॅटरी आम्ही बदलू.

आमची चाळ आता पुनर्विकासासाठी रिकामी झालीय. आईबाबा भाड्याच्या घरात आहेत, टॉवरची वाट बघत. ५०० चौरस फूट, स्वतःच्या नावावर, आत संडास. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्यासुद्धा. इथल्या वर्गातल्या मित्रांना वाईट वाटतं, एवढा सुंदर पॅसेज जाणार म्हणून. आईला वाटत नाही. तिला काळजी आहे ती लिफ्टच्या आणि मेंटेनन्सच्या बिलाची. ते झेपलं तर जुने शेजारी टिकतील आणि नाही झेपलं तर घरं विकून एकेक जण बदलापूरला जाईल, असा तिचा अंदाज आहे. माझ्या कुठल्याही प्राध्यापकाच्या विवेचनापेक्षा मला तो बरोबर वाटतो.

दुसऱ्या टर्मला मी तेच डिझाइन परत मांडलं. पॅसेज सहा फुटांवर आणला. प्लॅनवर प्रत्येक खोलीच्या क्षेत्रफळाखाली भाडं लिहिलं, त्याखाली ‘करार: किमान पाच वर्षं’. एक परीक्षक म्हणाले, हे ड्रॉइंग नाही, हे धोरण आहे. गणपतीबद्दल कुणी विचारलं नाही. मार्क आधीपेक्षा कमी पडले.

शीट आईला पाठवलं. या वेळी उत्तर लगेच आलं.

‘आता बरं आहे. झाडू-बादली ठेवायला कपाट कुठं काढलंयस?’

ते राहिलंच होतं.