दहावीचे गुण आणि पुढची वाट

निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मुलीची गुणपत्रिका घेऊन घरी आले. शिरोलीच्या फौंड्रीत कामाला असतात. मुलीला ४६ टक्के. "भाऊ, हिच्या डोक्यात अभ्यास न्हाई. पुढं शिकवून काय उपयोग?" मुलगी दाराशीच उभी होती.

आईबापांनो, मागचे गुण पुढचा अंदाज देतात, हे खोटे नाही. दहावीला वरचे गुण मिळवणारी मुले बहुधा बारावीलाही वरच राहतात. पण हा अंदाज शंभर मुलांच्या वर्गाचा झाला. एकाच मुलीचा अंदाज बांधायचा तर त्या वर्षी घरात काय चालले होते तेही मोजावे लागते. या मुलीची आई वर्षभर आजारी. पहाटेचे पाणी, स्वयंपाक, धाकटा भाऊ, सगळे हिच्यावर.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३८ टक्क्यांच्या आतच. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब. हाच विद्यार्थी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाचा एम.ए. आणि १९२३ साली लंडनचा डी.एस्सी. झाला. त्यांची बुद्धी सर्वांना कोठून येणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मॅट्रिकच्या गुणांवरून ती कोणाला दिसली असती? केळुस्करांनी शब्द टाकला, सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये दिले, म्हणून कॉलेज चालू राहिले.

मग आम्ही गुणपत्रिका नीट वाचली. मराठीत ६६, गणितात ३६. विज्ञान शाखेचा हट्ट नको, एवढे त्यावरून नक्की कळते. वाणिज्य मात्र जमेल. मी बी.कॉम. आहे, जमाखर्चाला बेरीज-वजाबाकी आणि चिकाटी लागते.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला टक्क्यांची अट नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांनी प्रवेश घेतलेला असावा आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असावे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा.

"दाखल्याला किती दिवस लागतील?" एवढेच त्यांनी विचारले. उद्याच अर्ज टाका म्हणालो. पहाटेचे पाणी आता दुसऱ्या कोणीतरी भरायचे, हेही सांगून टाकले.