नीरेची थंडी झाडावरच सुरू व्हावी

माडाच्या पोयीतून पाझरणारा रस बाहेर पडतो त्या क्षणी गोड व निर्मद्य असतो. त्यात शेकडा १२ ते १५ भाग साखर असते. परंतु हवेतील व मडक्यातील यीस्ट त्यात शिरताच साखरेचे मद्य होऊ लागते. मुंबई उपनगरांच्या उबदार हवेत यास काही तासच पुरतात. संध्याकाळी टांगलेले मडके पहाटे उतरविले जाते, तोवर नीरेची माडी होण्याचा धोका असतो. मग नीरेचा दर तर जातोच, शिवाय महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९, अन्वये परवानाधारकावर बालंट येते.

बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई-मनोरीच्या वाड्यांत माड आहेत. तेथे ज्यास नीरेचा परवाना घेऊन हा धंदा करावयाचा असेल, त्याने एक गोष्ट पक्की ध्यानी धरावी. आंबणे एकदा सुरू झाले की थंडी ते थोपवू शकते, परतवू शकत नाही. म्हणून विक्रीच्या जागी कितीही मोठे शीतकपाट ठेवले, तरी रात्रभर झाडावर उबलेली नीरा त्याने सुधारत नाही.

मडक्यास आतून चुना लावण्याची जुनी रीत चुकीची नाही. चुन्याने यीस्टची वाढ मंदावते. परंतु पूर्ण थांबत नाही, चव बिघडते व जादा चुना पुढे काढून टाकावा लागतो. मडक्याभोवती ओले फडके गुंडाळण्याचा उपाय कोरड्या हवेच्या मुलखात शोभतो. पाणी उडून जाते तेव्हाच गारवा येतो. समुद्रकाठच्या दमट हवेत ते फारसे उडत नाही. मडक्याचे तापमान दोन-चार अंशांनी उतरले, तरी नीरेस हवी असलेली पाच अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी त्यातून कधीच मिळणार नाही.

यावर खरा उपाय बर्फाच्या पेटीचा होय. कासरगोड येथील केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेने पोयीलाच बसविण्याची बर्फाची पेटी सिद्ध केली असून, तीत जमणारा रस मधासारख्या सोनेरी रंगाचा व आंबण्यापासून मुक्त असतो. त्याच तत्त्वावरील पेटी घरी बनविता येते. मासळीसाठी वापरतात तसली, परंतु नवी कोरी थर्माकोलची लहान पेटी घ्यावी. तीत झाकणाचा स्टीलचा डबा ठेवून त्याच्या भोवती बर्फ भरावा. झाकणास पोयीच्या टोकाएवढे भोक पाडून फट स्वच्छ कापडाने बंद करावी, म्हणजे मुंग्या, माश्या व गरम हवा आत शिरणार नाहीत. कोळीवाड्यातील बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. म्हणून तो घट्ट बुचाच्या बाटल्यांत भरावा, नीरेस त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

बर्फ किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर नीरा ३० अंशांवरून ५ अंशांवर आणण्यास सुमारे २५ किलोकॅलरी काढावी लागते. म्हणजे कागदावर एक किलो बर्फ तीन लिटरांस पुरतो. परंतु रात्र मोठी असते व पेटीच्या भिंतींतून उष्णता शिरतच राहते. यास्तव लिटरमागे एक किलो बर्फ धरून आरंभ करावा. पहाटे पेटीत थोडा बर्फ शिल्लक राहिला, तरच प्रमाण बरोबर समजावे. भरलेली पेटी पाठीवर घेऊन झाडावर चढू नये. वर गेल्यावर ती दोरीने ओढून घ्यावी.

थंडीइतकीच स्वच्छताही आवश्यक आहे. माडीचे मडके नीरेस कदापि वापरू नये. मातीच्या छिद्रांत यीस्ट दडून राहते. डबा रोज उकळत्या पाण्याने धुवावा.

बर्फाचा खर्च वाढतो, ही तक्रार खरी आहे. परंतु आंबलेली नीरा फेकून देण्याचा तोटा त्याहून मोठा होय. कार्यकर्त्यांनी केवळ उपदेश न करता एखाद्या परवानाधारकाच्या वाडीत एका माडावर चुन्याचे मडके व शेजारच्या माडावर बर्फाची पेटी लावून दाखवावी. पहाटे दोहोंत तापमापक बुडवावा, फेस व रंग पाहावा, वास घ्यावा. जी नीरा स्वच्छ व गोड निघेल, तीच शेतकऱ्याची खात्री पटवील.