रिपोर्ट नॉर्मल, तरी पाठ का दुखते?

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणारे बरेच जण डॉक्टरकडे एक जाड फाईल घेऊन येतात. त्यात एक्स-रे असतो, एमआरआय असतो, रक्ताच्या तपासण्या असतात. सगळ्यांवर 'नॉर्मल', नाहीतर 'वयानुसार थोडे बदल'. आणि कोणीतरी शेवटी सांगितलेले असते, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." हे ऐकून माणूस दुखावतो. आपण नाटक करतोय असे डॉक्टरांना वाटते, एवढाच अर्थ त्याला लागतो.

तेव्हा आधी हे स्पष्ट करू: तुमचे दुखणे खरे आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली. तिच्यात वेदना हा शरीराचा आणि भावनांचाही अनुभव मानला आहे, आणि इजा दिसलीच पाहिजे अशी अट नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात मूळ इजा अनेकदा भरून आलेली असते. पण मज्जासंस्थेचा भोंगा वाजतच राहतो. अपुरी झोप आणि सततची काळजी तो आणखी मोठा करतात.

काळजीला इथे तोटा नाही. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार की ब्रेक मिळणार, खोलीचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट. धोका कोणताही असो, शरीर स्नायू आवळते आणि श्वास वरच्यावर घेते. आत्ता वाचतानाच बघा: खांदे कानांकडे चढलेत का? दात दातांवर दाबलेत का? हे महिनोन्‌महिने चालले तर पाठ धरणारच.

माझे मत असे की, आपल्याकडे उपचाराची सुरुवात शरीरापासून करणे जास्त शहाणपणाचे आहे. "मी उदास आहे" असे फार कमी लोक म्हणतात. "अंग जड झालंय", "छातीत धडधडतं", "मान आखडलीय" असे म्हणतात. मानसोपचाराचे नाव काढले की "मी काय वेडा आहे का?" हा प्रश्न ठरलेला. मग जो माणूस पाठीबद्दल बोलायला तयार आहे, त्याच्याशी पाठीपासूनच बोलावे. पुढे समुपदेशन लागले तर ते सोपे जाते.

यात नवे काही नाही. तुमची लोकल जिथे संपते त्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केले आणि योगाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून केलेला अभ्यास १९६९ सालचा. त्यातल्या अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. आणि जुनाट कंबरदुखीत आधी व्यायाम, योग, स्नायू सैल करण्याचे तंत्र वापरा, गोळ्या नंतर, असे अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ साली सांगितले. रोज पेनकिलर खाऊन पोट आणि किडनी बिघडवून घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

करायचे काय? ड्युटीवरून आल्यावर दहा मिनिटे आडवे पडा. मुठी पाच सेकंद घट्ट आवळा, मग सोडा आणि सैलपणा जाणवेपर्यंत थांबा. तसेच खांदे, चेहरा, पोट, पाय. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. रोज थोडे चाला. दुखले म्हणून पूर्ण बंद नको, बरे वाटले म्हणून एकदम पाच किलोमीटरही नको. फरक पडायला काही आठवडे लागतात. डोळे मिटल्यावर कुणाला जुना अपघात किंवा मारहाण आठवून घाबरल्यासारखे होते. त्यांनी लगेच डोळे उघडावेत, उठून बसावे आणि हे प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीनेच करावे.

मात्र 'शरीरात अडकलेला आघात एका सेशनमध्ये बाहेर काढतो' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून लांब राहा. अशा सोमॅटिक थेरपीवरचे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. कंपन्यांनाही एक सांगायचे आहे: लाइनवरचे स्टेशन वीतभर खाली असेल आणि माणूस आठ तास वाकून बोल्ट आवळत असेल, तर जूनमधल्या योगदिनाने त्याची कंबर सरळ होणार नाही. आधी स्टेशन वर घ्या.

पायातली ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, यांपैकी काही झाले तर व्यायाम नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप किंवा वजन घटण्यासोबतचे दुखणेही आधी तपासून घ्या. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर ती टेन्शनची समजून घरी बसू नका. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते, आणि नाईट शिफ्ट संपल्यावर पहाटेही चालू असतो.