भूतकाळाचे भूत

भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत कोणत्याही शाळेवरून जा; इंग्रजीच्या तासाला एकच जप कानी पडतो. गो, वेन्ट, गॉन. ईट, एट, ईटन! सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून आली. तरीही दहावीचे पुष्कळ विद्यार्थी काल काय घडले ते चार वाक्यांत सांगू शकत नाहीत. आणि आमचे शहाणे दोष कुणाला देतात? मराठीला! इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढू नका, म्हणे. आम्ही म्हणतो, मराठीला वर्गाबाहेर उभे केलेत, म्हणूनच हे भूत पोरांच्या मानगुटीवर बसले.

आता धानकापणीचेच घ्या. 'पाऊस आला तेव्हा आम्ही धान घरी आणत होतो' आणि 'पाऊस आला तेव्हा आम्ही धान घरी आणले होते.' पहिल्या वाक्यात शेतातल्या कडपा भिजल्या. दुसऱ्यात वर्षाचे अन्न वाचले. साकोलीच्या शेतकऱ्याच्या पोराला हा भेद कुणी शिकवावा लागतो काय? 'वुई वेअर ब्रिंगिंग' आणि 'वुई हॅड ब्रॉट' यांत हाच भेद आहे. त्याच्या घरचे धान त्याला आठवू द्या, मग कोष्टक द्या. आणि ते त्याने झाडीबोलीत सांगितले, तर हसू नका.

दोन्ही भाषा जिथे वेगळ्या वाटेने जातात, तिथे तर मराठी अधिकच हवी. आमचा 'परवा' दोन्हीकडे चालतो: परवा आला, परवा येईल. क्रियापद बघून आपण दिवस ओळखतो. इंग्रजीला असला मोघमपणा चालत नाही. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत खपून जाते. इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'हॅव' ने उंबऱ्याबाहेर राहावे. क्रियाविशेषण हे वाक्याचे शेपूट नव्हे, काळाचा पहारेकरी आहे. हे एकदा शेजारी शेजारी मांडून दाखवले, तर शंभर रिकाम्या जागा भरण्याचे श्रम वाचतील.

नुसत्या नियमाने काय अनर्थ होतो, तेही पाहा. विशेषणाला 'ली' जोडा की क्रियाविशेषण झाले, असे मुलगा पाठ करतो. मग उन्हातान्हात राबणाऱ्या बापाविषयी अभिमानाने लिहितो, 'माय फादर वर्क्ड हार्डली.' म्हणजे बापाने काम जवळजवळ केलेच नाही! 'हार्ड' लिहिले असते तर बापाचे कष्ट कागदावर उतरले असते. परीक्षक अर्धा गुण कापतो. पण बापाचा घाम पुसला गेला, त्याचे काय?

कुणी म्हणेल, भाषांतराने बोलणे येत नाही. खरे आहे, जन्मभर कुबडी घेऊन चालू नये. पण पाय धरेपर्यंत बोटही द्यायचे नाही काय? दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवा असे सांगते. मग इंग्रजीच्याच तासाला ही बंदी का?

वाचकहो, सुटीत मुले घरी आहेत. आईने चकल्या केल्या, केल्या आहेत, केल्या होत्या, करीत होती, करीत असे. ही पाच वाक्ये त्यांच्यापुढे ठेवा, प्रत्येकाचा अर्थ विचारा आणि मगच इंग्रजीकडे वळा. गाईडाच्या किमतीत चकल्यांचे पीठ येईल, आणि भूतही उतरेल.